आधी घोड्याचं वजन करा

गेल्या मार्गशीर्षातल्या एका लग्नात चुलतसासूबाईंनी माझ्या पानात आग्रहानं जिलबी वाढली आणि वाढता वाढताच विचारलं, "तू म्हणे घोड्यावर बसतेस? अगं, त्या मुक्या जनावराचा तरी विचार करायचा!" पंगत हसली. मीही हसले, कारण तोंडात जिलबी होती. हेच वाक्य गेल्या सहा वर्षांत मी नातेवाइकांकडून, सोसायटीतल्या शेजाऱ्यांकडून, एका दंतवैद्याकडून (माझं तोंड उघडं असताना) आणि घोडा आयुष्यात फक्त वरातीत पाहिलेल्या असंख्य लोकांकडून ऐकलंय. एवढ्या सगळ्यांना घोड्यांचा खरोखरच कळवळा असता, तर टांग्याच्या घोड्यांचे दिवस केव्हाच पालटले असते.

माझं वजन ८६ किलो, उंची सव्वापाच फूट. लपवण्यासारखं काही नाही, आणि लपतही नाही. दर रविवारी सकाळी मी घोड्यावर बसते. तेव्हा "जाड माणसानं घोड्यावर बसू नये, घोड्याची पाठ मोडते" या गैरसमजाबद्दल बोलायचा अधिकार मला आहे असं मी धरून चालते.

पहिली गोष्ट, 'जाड' हा शब्द घोड्याच्या कामाचा नाही. तो बघणाऱ्याच्या डोळ्यांचा शब्द आहे. घोड्याच्या पाठीला किलो कळतात, तेही त्याच्या स्वतःच्या किलोंच्या तुलनेत. आमच्या तबेल्यात येणारा एक सहा फुटी तरुण व्यायामशाळेत कमावलेल्या अंगाचा आहे, वजन ९२. त्याला घोड्यावर बघून लोक म्हणतात, "काय रुबाबदार दिसतो!" त्याच्याहून सहा किलोंनी हलकी असलेली मी बसले की लोकांना भूतदया सुचते.

आता पाठीचं सांगते. आपल्या गळ्याखाली बोटांनी चाचपता येणारं, खांद्याला छातीशी जोडणारं आडवं हाड घोड्याला नसतंच. त्याचा छातीचा पिंजरा पुढच्या दोन पायांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेला असतो. स्वाराचा भार हाडाच्या खांबावर येत नाही, तर स्नायूंवर, कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल पट्ट्यांवर येतो. म्हणून खोगीर कण्यावर टेकता कामा नये, आणि त्याची मागची कड शेवटच्या, म्हणजे अठराव्या बरगडीच्या पुढेच संपली पाहिजे. त्यामागे बरगड्यांचा आधार नाही, नुसती कंबर आहे. म्हणजे वजनाला मर्यादा आहे, हे खरंच. ती कुठे आहे, एवढाच प्रश्न.

घोडेस्वारांमध्ये २० टक्क्यांचा ठोकताळा चालतो. स्वार, खोगीर, कपडे, बूट, सगळं मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत. हा आकडा जुना आहे. त्याची एक बऱ्यापैकी तपासणी अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी केली आणि २००८ साली प्रसिद्ध केली. आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार देऊन पाऊण तास काम करून घेतलं. १५ आणि २० टक्क्यांत फारसा फरक नव्हता. २५ पासून हृदयाचे ठोके जास्त वाढले, ३० टक्क्यांना स्नायू चांगलेच दुखरे झाले. ज्यांची कंबर रुंद आणि पुढच्या पायाच्या नळीचा घेर मोठा, त्यांना त्रास कमी झाला. म्हणजे सारख्याच वजनाचे दोन घोडे सारखंच पेलतील असंही नाही.

आठ घोडे म्हणजे काही मोठी संख्या नव्हे, हे मान्य. आइसलँडच्या घोड्यांवरच्या प्रयोगात तर भार वाढेल तसे ठोके सरळ रेषेत वाढत गेले. अमुक टक्क्याला पायरी आहे असं ठोक्यांत तरी दिसलं नाही. त्यामुळे १९.९ म्हणजे सुख आणि २०.१ म्हणजे छळ, असं समजायचं कारण नाही.

मग कोणी तरी हटकून इंग्लंडमधल्या 'त्या' अभ्यासाची बातमी पुढे करतं. करू दे. स्यू डायसन या लंगडेपणाच्या निदानात नाणावलेल्या पशुवैद्य. त्यांच्या गटाचा प्राथमिक अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. सहा घोडे, सारख्या कौशल्याचे चार स्वार: हलका, मध्यम, जड आणि अतिजड. जड आणि अतिजड स्वारांच्या सगळ्या फेऱ्या मध्येच थांबवाव्या लागल्या, बहुतेक वेळा घोडा तात्पुरता लंगडू लागला म्हणून. "बघा!" असं म्हणून बातमी इथे संपते, आणि पुढचं कुणी वाचत नाही. अतिजड स्वार घोड्याच्या वजनाच्या २३ ते २८ टक्के होता. त्याच्या बाबतीत आश्चर्य नाही. पण जड स्वार १५ ते १८ टक्क्यांतच होता. ठोकताळ्याच्या आत असूनही घोड्याला त्रास झाला. का? संशोधकांनी स्वतःच एक कारण दाखवलंय: खोगीर घोड्याला बसत होतं, पण मोठ्या स्वारांना पुरत नव्हतं. ते मागच्या कडेवर रेलत होते आणि सगळा भार नेमका नको तिथे जात होता.

हा माझ्या पक्षाचा पुरावा नाही. उलट माझ्यासारख्यांची झोप उडवणारा आहे. २० टक्क्यांच्या आत आहोत म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, खोगीर आपल्या मापाचं हवं, एवढं मी त्यातून शिकले. शिकाऊ स्वारांना दिलं जाणारं खोगीर साडेसोळा इंची असायचं. मी त्यावर बसले की मागे बोटभरही जागा उरत नसे. आता माझं स्वतःचं अठरा इंची आहे. पण अठरा इंची खोगीर आखूड पाठीच्या घोड्यावर ठेवलं तर ते शेवटच्या बरगडीच्या मागे जातं. म्हणजे तो घोडा माझा नाही, विषय संपला. यात अपमान वाटून घेण्यासारखं काय आहे? बूट पायात जात नाही म्हणून आपण रडत नाही.

मी ज्याच्यावर बसते तो घोडा रेसमधून निवृत्त झालेला, चौदा वर्षांचा, स्वभावानं एखाद्या निवृत्त हेडमास्तरांसारखा. घोड्याला काट्यावर उभं करायची सोय सगळीकडे नसते, म्हणून शिंप्याची फीत वापरायची. पुढच्या पायांमागून, तंग येतो तिथे छातीचा घेर मोजायचा. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०. सगळं सेंटिमीटरमध्ये, उत्तर किलोत. आमच्या हेडमास्तरांचा घेर १८६, लांबी १६५. म्हणजे सुमारे ४८० किलो. मी ८६, खोगीर-बूट-हेल्मेट मिळून ९, एकूण ९५. आलं १९.८ टक्के. अगदी काठावर. म्हणून मी उडी मारत नाही, चाल आणि दुडकीवर समाधान मानते, कँटर, म्हणजे संथ दौड, थोडाच, आणि अर्ध्या तासानंतर उतरते. दुडकीत स्वार वर-खाली होतो तेव्हा पाठीवर येणारा जोर क्षणभर त्याच्या वजनाच्या दुपटीच्या आसपास जातो. चालीत तसं होत नाही.

ही फीत मी एकदा माथेरानला नेली होती. तिथे पेट्रोल-डिझेलच्या गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात, पुढे लाल मातीतून पायी, रिक्षानं किंवा घोड्यावर. एक घोडेवाले काका रिकामे होते. मी त्यांच्या घोड्याचं, बादलचं, माप घेऊ का म्हणून विचारलं. "घ्या ताई. शर्ट शिवताय काय त्याला?" घेर १४८, लांबी १३०. बादल २४० किलोंचा भरला. २० टक्के म्हणजे ४८ किलो. त्यातले सहा-सात किलो खोगिराचे. उरले चाळीस-एक. म्हणजे बादलवर बसायला योग्य माणूस सातवी-आठवीतला!

मी बसले नाही. तेवढ्यात एक सडपातळ गृहस्थ आले. सत्तरच्या खाली नसणार. बादलवर बसले, पाच वर्षांच्या मुलीला पुढ्यात घेतलं, गळ्यात कॅमेरा, पाठीवर सॅक. खोगिरासकट शंभर किलो तरी झालेच, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या वर. कुणीही हसलं नाही. कुणाला मुक्या जनावराची आठवण झाली नाही. छान फोटो निघाले.

मला राग येतो तो इथे. 'जाड माणसानं बसू नये' हा समज नुसता जाड माणसाला टोचत नाही, तो बारीक माणसाला परवाना देतो. "आपण कुठे जाड आहोत?" असं म्हणत सत्तर-पंच्याहत्तर किलोंचा माणूस अडीचशे किलोंच्या तट्टावर चढतो आणि त्याच्या मनाला शिवतही नाही की इथे अवजड तो आहे.

बरं, हे काही परदेशी खूळ नाही. ओढकाम आणि ओझी वाहणाऱ्या जनावरांवरची क्रूरता रोखण्यासाठी केंद्र सरकारनं केलेले नियम १९६५ सालचे आहेत. त्यांत पाठीवरच्या ओझ्याची कमाल मर्यादा दिलीय: खेचराला २०० किलो, गाढवाला ५०, आणि तट्टाला ७०. शिवाय दिवसाला नऊ तासांहून जास्त काम नाही, सलग पाच तासांनंतर विश्रांती, आणि ३७ अंशांच्या वर पारा गेला तर दुपारी बारा ते तीन जनावर जुंपायचं नाही. आकडे ओझ्यासाठी आहेत, पण पोतं आणि पर्यटक यांतला फरक तट्टाच्या पाठीला कळत असेल असं वाटत नाही. कळला तर पोतंच बरं वाटेल, ते लगाम ओढत नाही.

बादलच्या मालकांनी मला त्या दिवशी एक गोष्ट सांगितली. "जाड-बारीक नाही बघत मी, ताई. बसता येतं का ते बघतो. सैल बसणारा दुप्पट जड लागतो." हे अर्धं खरं आहे. एका कुशीवर कलणारा, लगामाला लोंबकळणारा, दर पावलाला धपकन आदळणारा पन्नास किलोंचा माणूस घोड्याला हैराण करतो. पण याचीच दुसरी बाजू आम्हा जाड स्वारांचा लाडका गैरसमज आहे: "मी तोल छान सांभाळते, त्यामुळे वजनाचा प्रश्न येत नाही." येतो. सुरेख बसलेले ८६ किलो हे ८६ किलोच असतात.

बाकीचे गैरसमज झटपट उरकते. घोडा धिप्पाड दिसतो म्हणून जास्त पेलेल, असं नाही. तो चरबीनं फुगला असेल तर ती चरबी हेच त्याचं पहिलं ओझं, टक्के काढायचे ते त्याच्या निरोगी वजनावर. शायरसारखे टनभर वजनाचे विलायती घोडे ओढण्यासाठी घडवलेत, पाठीवर वाहण्यासाठी नव्हे. त्यांना वीस टक्के लावून दोनशे किलो लादू नयेत. जॉकी पन्नास-पंचावन्न किलोंचे असतात म्हणून स्वार तसाच हवा, हेही चूक. तिथे प्रश्न सेकंदांचा असतो, पाठीचा नव्हे. रिकिबीत पाय देऊन जमिनीवरून चढणं हाच खरा मर्दानी प्रकार, असं मानणाऱ्यांनी एकदा ओट्यावरून चढून बघावं: जमिनीवरून चढताना खोगीर एका बाजूला ओढलं जातं आणि मानेमागच्या उंचवट्यावर ताण येतो, मग स्वार कितीही किलोंचा असो. आणि लांब पल्ल्याला जड स्वार म्हणजे हमखास अपयश, हेही नाही. कॅलिफोर्नियातल्या टेव्हिस कप या शंभर मैलांच्या शर्यतीतल्या घोड्यांचा अभ्यास झाला, त्यात शर्यत पुरी होण्याशी स्वाराच्या वजनापेक्षा घोड्याच्या अंगावरच्या मांसाचा संबंध जास्त दिसला. हाडं दिसणारे घोडे आधी बाद झाले.

एक मात्र उरकता येत नाही. "पूर्वी नाही का चिलखत घालून, ढाल-तलवार घेऊन लढायचे? घोडा काहीही पेलतो." हे सांगणारे बहुधा मराठ्यांचाच दाखला देतात, आणि तो नेमका उलटा आहे. मराठ्यांच्या घोडदळाची ख्याती हलकेपणाची: काटक छोटी घोडी, सामान जेमतेम, जड तंबू-कनाती नाहीत. भीमेच्या खोऱ्यातली भीमथडी घोडी त्याच कामाची. अवजड घोडदळाचं काय होतं ते दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात दिसलं. ब्रिटिश स्वार सगळ्या सामानासकट शंभर किलोंच्या बराच वर जाई, आणि १८९९ ते १९०२ या काळात त्यांचे तीन लाखांहून जास्त घोडे दगावले. उपासमार होती, रोग होते, समुद्रप्रवासातून उतरवून थेट कामाला जुंपणं होतं. पण पाठीवरचं ओझंही त्यात होतंच. घोडा पेलतो, हे खरं. पडेपर्यंत पेलतो.

यंदा दिवाळीनंतरच्या रविवारी मी घरच्या काट्यावर उभी राहिले. ८८.५. खोगिरासकट ९७.५, भागिले ४८०. २० टक्के आणि वर थोडं. तबेल्यात गेले, खरारा केला, लगाम चढवला, खोगीर मात्र खुंटीलाच ठेवलं आणि हेडमास्तरांना हातात धरून मैदानाला चार फेऱ्या मारल्या. मोतद्दाराचा पोरगा कुंपणावर बसून बघत होता. तिसऱ्या फेरीला त्याला राहवेना.

"मॅडम, घोडा आजारी आहे का?"

"नाही रे. फराळ जास्त झालाय."

त्यानं घोड्याच्या पोटाकडे बघितलं. "कुणी घातला त्याला?"