कबीरवडाची प्रजा

इच्छापोरहून उत्तरेस भरूच व तेथून शुक्लतीर्थ गाठले, म्हणजे नर्मदेच्या पात्रातील बेटावर सुप्रसिद्ध कबीरवड आहे. पंधराव्या शतकातील संत कबीर येथे राहिले होते, अशी लोकांची श्रद्धा. त्यांच्या चरणतीर्थाने वाळकी फांदी पालवली व तिचाच हा वड झाला, असे सांगतात.

जेम्स फोर्ब्स या इंग्रज लेखकाने १८१३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वडाचा घेर सुमारे २,००० फूट, मोठी खोडे ३५० व लहान ३,००० हून अधिक नोंदली आहेत. पुरांनी बराच भाग वाहून नेल्यावरचे हे माप! हिरवी कबुतरे, होले, मोर, माकडे व मोठाली वटवाघळे तेथे सुखाने नांदत होती.

आजही वडाची फळे पिकली, की पाखरे व वटवाघळे त्यांवर तुटून पडतात आणि विष्ठेतून बी दूरवर पेरतात.

वाचकहो, संत कथबर्ट ६७६ साली एकांतवासासाठी इंग्लंडजवळील फार्न बेटावर गेले. तेथील आयडर बदकांना त्यांनी अभय दिले, अशी परंपरा आहे. ती बदके अद्याप तेथे घरटी बांधतात.

साधूंच्या मागे त्यांचे आश्रित टिकले, ते आसरा टिकला म्हणून. वडाची पारंबी भूमीस टेकली की तिचे खोड होते. थोरल्या खोडाला वाळवी लागली, तरी वड उभा राहतो. म्हणून आपल्या गावच्या वडाची कोवळी पारंबी मुलांना तोडू देऊ नये, अशी आमची विनंती आहे. ती उद्याचे खोड आहे.