फ्लशच्या टाकीतली मूक गळती

घरातले सगळे नळ बंद, तरी पाण्याचा मीटर फिरतोच. पाणी जाते कुठे?

अनेकदा शौचालयात. फ्लशच्या टाकीच्या तळाशी रबरी वॉशर बुचासारखा बसलेला असतो. क्षार साचून किंवा रबर झिजून त्याची पकड सैल होते आणि पाणी भांड्यात आवाज न करता झिरपते. टाकीतली पातळी उतरली की तरंगता गोळा खाली येतो, झडप उघडते, टाकी पुन्हा भरते. हे चक्र रात्रंदिवस चालते.

गळती बारीक म्हणून सोडून देऊ नका: सेकंदाला एक थेंब गळणारा नळसुद्धा दिवसाकाठी सुमारे २० लिटर पाणी वाया घालवतो.

टाकीची गळती तपासायला तिच्यात खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर वॉशर लगेच बदलून घ्या.