अमली पदार्थांचा कायदा आणि आमचे कुलूपबंद कपाट

रुग्णालयाच्या औषध विभागात आतल्या भिंतीशी एक लहानसे लोखंडी कपाट आहे. त्यास दोन कुलुपे असून त्यांच्या किल्ल्या दोन निरनिराळ्या व्यक्तींकडे असतात. भेटीस येणारे सन्माननीय देणगीदार व हितचिंतक त्याविषयी कुतूहलाने विचारतात. रुग्णांचे नातेवाईक काहीशा वैतागाने विचारतात. मूठभर गोळ्यांसाठी एवढ्या सह्या कशासाठी, हा प्रश्न दोघांचाही असतो. त्याविषयी या वर्षीच्या अहवालात सविस्तर लिहावे, अशी विश्वस्त मंडळाने सूचना केली. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. औषधशास्त्रावर भाष्य करण्याचा आमचा अधिकार नाही. मात्र त्या कपाटाचा हिशेब आमच्या सहीने पूर्ण होतो, त्या नात्याने हे लिहीत आहोत.

१९८० नंतरच्या काही वर्षांत मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगरचे, म्हणजे बोलीभाषेतील 'गर्द'चे, व्यसन झपाट्याने पसरले. डॉ. अनिल अवचट यांच्या लेखनामुळे मराठी वाचकांस त्याची दाहकता प्रथम उमगली आणि १९८६ साली त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. तोपर्यंत देशात अफूविषयीचे १८५७ व १८७८ चे आणि घातक औषधांविषयीचा १९३० चा, असे ब्रिटिश अमदानीतील कायदेच चालू होते. ते रद्द करून केंद्र शासनाने १९८५ साली 'गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम' केला. एवढे लांब नाव कोणी घेत नाही. सर्वत्र तो एनडीपीएस कायदा म्हणूनच ओळखला जातो. पुढील वर्षी, मार्च १९८६ मध्ये, अमली पदार्थ नियंत्रण ब्यूरोची स्थापना झाली.

हा कायदा अत्यंत कडक होता. किमान दहा वर्षे सक्तमजुरी आणि लाखाचा दंड, असे त्याचे मूळचे स्वरूप होते. परंतु त्याच्या आठव्या कलमात एक अपवाद आरंभापासूनच आहे. वैद्यकीय अथवा वैज्ञानिक प्रयोजनासाठी, विहित रीतीने, या द्रव्यांचा वापर करण्यास मुभा आहे. आमच्या कपाटाचा सारा इतिहास या एका अपवादात सामावलेला आहे.

अफूपासून मिळणारे मॉर्फिन हे कर्करोगाच्या तीव्र वेदनेवरील प्रमुख औषध होय. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेवरील उपचारांची जी पायरीवार पद्धत सांगितली, तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फिनच आहे. अफूचे पीक तर आपल्याच देशात मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात परवान्याखाली निघते, नीमच व गाझीपूर येथे त्यासाठी सरकारी कारखाने आहेत आणि औषधनिर्मितीसाठी अफू परदेशी पाठविणाऱ्या देशांत भारत अग्रभागी राहिला आहे. असे असूनही कायद्यानंतर बारा वर्षांनी, १९९७ साली, संपूर्ण देशातील मॉर्फिनचा वार्षिक वापर अवघ्या १८ किलोपर्यंत खाली आला होता. औषधावर बंदी कोणीच घातली नव्हती. परंतु ते बाळगणे, मागविणे व वाहून आणणे यांसाठी स्वतंत्र परवाने लागत, ते सर्व एकाच वेळी वैध असावे लागत आणि राज्याराज्यांचे नियमही निराळे होते. एका कागदाची मुदत वाढून येईतो दुसऱ्याची संपत असे. चुकीला दहा वर्षांची शिक्षा असेल, तर औषध न ठेवणेच बरे, असे रुग्णालयांना वाटू लागले.

आमचे रुग्णालयही त्यास अपवाद नव्हते, हे येथे नमूद केलेच पाहिजे. परवान्याची मुदत संपली तेव्हा नूतनीकरणाचा अर्ज आमच्याच टेबलावर पडून राहिला. कोणत्याही शासकीय कार्यालयाने तो अडविला नव्हता. आम्हीच तो पुढे पाठविला नाही. जी वस्तू साठ्यात नाही तिचा हिशेबही द्यावा लागत नाही, असा तो सोयीचा विचार होता. २००९ च्या सुमारास जबड्याच्या कर्करोगाचे एक शेतकरी रुग्ण आमच्याकडे दाखल होते. रात्री त्यांचे कण्हणे जिन्यापर्यंत ऐकू येई. त्यांच्या धाकट्या बंधूंनी कार्यालयात येऊन विचारले, "साहेब, यावर काहीच औषध नाही का?" आमच्याकडे नाही, असे उत्तर आम्ही दिले. त्या उत्तरात असत्य काही नव्हते. औषध जगात होते, देशात होते, केवळ आमच्या कपाटात नव्हते. आणि ते का नव्हते, हे त्या गृहस्थांना सांगण्याचे धैर्य आम्हास झाले नाही.

वेदनाशामक व परिहार सेवेच्या क्षेत्रातील डॉक्टरांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल यांचे नाव त्यात आदराने घ्यावे लागेल. अखेर २०१४ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन ही सहा औषधे 'अत्यावश्यक' ठरली आणि त्यांच्याबाबतचे नियम देशभर एकसारखे झाले. २०१५ च्या नियमांनुसार आता राज्याच्या औषध नियंत्रकांकडून 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' म्हणून एकच मान्यता घ्यावी लागते. प्रशिक्षित डॉक्टर नेमणे, वर्षाची अंदाजित गरज कळविणे आणि दैनंदिन नोंदवही ठेवणे या तिच्या प्रमुख अटी आहेत. ही मान्यता मिळाल्यावर ते कपाट पुन्हा भरले.

नोंदवहीची रीत वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही समजेल अशी आहे. आरंभीची शिल्लक, आवक, कोणत्या रुग्णास किती दिले, अखेरची शिल्लक, खाडाखोड वर्ज्य. फरक इतकाच की येथे फरक 'संकीर्ण खर्चा'त टाकता येत नाही. अहवाल वर्षात एकदा एक ॲम्प्युल जुळेना. रात्री साडेनऊपर्यंत परिचारिका, औषधनिर्माते व आम्ही कागद चाळत बसलो. शेवटी ती शस्त्रक्रियागृहात फुटल्याचे आणि फुटक्या काचेवर दोन सह्यांची चिठ्ठी लावून ठेवल्याचे आढळले. चिठ्ठी वहीपर्यंत पोहोचली नव्हती, इतकेच. परवानाधारकाने सबळ कारणाविना हिशेब न ठेवणे हा तीन वर्षांपर्यंत कारावासाचा स्वतंत्र गुन्हा आहे, हे त्या रात्री आम्ही सर्वांना पुन्हा वाचून दाखविले. भूल देण्यासाठी वापरले जाणारे केटामाइन २०११ पासून आणि ट्रामाडोल हे वेदनाशामक २०१८ पासून या कायद्याच्या सूचीत आले असल्याने त्यांनाही त्याच कपाटात जागा करून द्यावी लागली.

ही शिस्त जाचक वाटली तरी अनाठायी नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातेतील मुंद्रा बंदरावर सुमारे तीन हजार किलो हेरॉईन पकडले गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर पुणे पोलिसांनी आपल्याच कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यापर्यंत माग काढला आणि त्या तपासात हजार किलोहून अधिक मेफेड्रोन जप्त केले. 'एमडी' म्हणून ओळखला जाणारा हा पदार्थ २०१५ पर्यंत सूचीतच नव्हता. रसायनशाळेत नवे द्रव्य तयार होते आणि अधिसूचना मागाहून येते, असे हे चालले आहे.

याच कायद्याचा आणखी एक भाग नातेवाइकांस ठाऊक असणे आवश्यक वाटते. मुलगा व्यसनात सापडला आहे, रुग्णालयात नेले तर पोलिसांत देतील का, असे दबक्या आवाजात विचारणारे पालक आमच्याकडे येतात. २००१ च्या दुरुस्तीपासून कायदा अल्प व व्यापारी प्रमाण यांत भेद करतो. हेरॉईनबाबत पाच ग्रॅमपर्यंत अल्प आणि अडीचशे ग्रॅमच्या पुढे व्यापारी. पहिल्यास एक वर्षापर्यंत, तर दुसऱ्यास दहा ते वीस वर्षे कारावास. आणि कलम ६४-अ नुसार, केवळ सेवनाचा वा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने शासकीय अथवा शासनमान्य केंद्रात स्वेच्छेने उपचार घेतल्यास तिच्यावर खटला चालत नाही; मात्र उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते. आमच्याकडे व्यसनमुक्ती विभाग नाही. अशा कुटुंबांना आम्ही मान्यताप्राप्त केंद्राकडे पाठवितो आणि १४४४६ हा शासनाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक देतो. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अफूजन्य पदार्थांचे सेवन करणाऱ्यांची संख्या सव्वादोन कोटींच्या घरात आढळली होती. त्यांतील बहुतेकांच्या घरीही असेच दबक्या आवाजात बोलणे होत असेल.

घरी नेण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या देताना आम्ही नातेवाइकांकडून एक लेखी हमी घेतो की उरलेल्या गोळ्या रुग्णालयात परत आणून दिल्या जातील. त्या गोळ्या का उरतात, हे घेणारा आणि देणारा दोघेही जाणून असतात. त्यामुळे हा कागद पुढे करणे आमच्या कर्मचाऱ्यांना सर्वांत जड जाते. तरीही लोक येतात. यंदा एक गृहस्थ तेरावे उरकून दुसऱ्या दिवशी आले आणि रुमालात बांधलेली पाकिटे त्यांनी खिडकीवर ठेवली. सात गोळ्या होत्या. आम्ही त्या त्यांच्यासमोर मोजल्या, वहीत लिहिल्या आणि त्यांची सही घेतली.