पंधराव्या मजल्यावरची खिडकी

आपल्याकडे घर बांधलं की फोटो निघतात. पायाभरणीचा, वास्तुशांतीचा, दाराला तोरण लावतानाचा. घर पाडायचं ठरलं की मात्र कुणाला फोटो सुचत नाही. सामान बांधायची घाई, मुलांच्या शाळेची काळजी, भाड्याची जागा शोधायची धावपळ. शिवाय पोपडे निघालेल्या भिंतींचा फोटो काय काढायचा, असंही वाटतं. मुंबईच्या माझ्या थोरल्या नणंदबाईंनी मात्र वेगळंच व्रत घेतलंय. त्या दर रविवारी सकाळी आठ वाजता पंधराव्या मजल्यावरच्या खिडकीतून एक फोटो काढतात. खिडकी तीच, कोपरा तोच. समोर खाली असते वरळीच्या बीडीडी चाळींची जागा. लग्न होऊन वन्सं आल्या त्या याच चाळीत. दोन्ही बाळंतपणांनंतर पाळणा हलला तोही इथल्याच खोलीत.

ज्यांनी या चाळी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. इंग्रज सरकारनं १९२० साली हे खातं काढलं आणि पुढच्या काही वर्षांत कामगारांसाठी सिमेंट काँक्रीटच्या चाळी उभ्या केल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२, अशा एकूण २०७. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची. मजल्यावर वीस खोल्या, मधून लांब पॅसेज. खोली १६० चौरस फुटांची आणि संडास मजल्यावर सामाईक. एवढ्या जागेत आठ-आठ, दहा-दहा माणसं राहिली. गिरण्यांत पाळ्या करणाऱ्यांचे संसार इथं झाले, गावाकडून नोकरीसाठी आलेली भाचे-पुतणे मंडळी इथंच वळकट्या टाकून झोपली.

शंभरीला आलेल्या या चाळींच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन जांबोरी मैदानावर २०१७ साली झालं. वरळीत प्रत्यक्ष कामाला २०२१ च्या ऑगस्टमध्ये सुरुवात झाली. १६० फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचं घर, तेही चाळीस मजली इमारतीत. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. वन्संचा नंबर अजून यायचाय. त्यांची चाळ २०२२ मध्ये रिकामी झाली आणि ही मंडळी जवळच्याच एका उंच इमारतीत भाड्यानं राहायला गेली. तिथून ती जागा दिसते, हा योगायोगच.

२०२४ च्या दिवाळीत मी त्यांच्याकडे चार दिवस राहिले. एका दुपारी त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. शंभराच्या वर फोटो होते. आधी दारं-खिडक्या काढून नेलेली, डोळे गेल्यासारखी दिसणारी चाळ. मग यंत्राचा जबडा, धुळीचा लोट. पावसाळ्यात पाण्यानं भरलेले खड्डे. मग लोखंडी सळ्यांचं रान, पिवळ्या क्रेन, एकावर एक चढत जाणारे स्लॅब, हिरवी जाळी. शेवटी शेवटी तर इमारत इतकी वर आलेली, की मागच्या जुन्या चाळी झाकल्याच गेल्या. बोटानं भराभर फोटो सरकवले की दोन वर्षं दोन मिनिटांत डोळ्यांसमोरून जातात.

वन्संच्या सासूबाई ऐंशीच्या घरातल्या. त्या खिडकीपाशी फारशा बसत नाहीत. त्या दिवशी मात्र आमच्याजवळ येऊन टेकल्या. एक फोटो नीट बघितला आणि विचारलं, “यात आपली मोरी कुठं गं?”

वन्संना काही बोलता येईना. मग कपाटातून जुने अल्बम काढले. मुंज, बारसं, साखरपुडा, गणपती. खोलीचा असा एकही फोटो नव्हता. माणसांच्या मागं जेवढी दिसली तेवढीच खोली. नवरीच्या खांद्यामागं भांड्यांची मांडणी, बाळाच्या डोक्यावर पोटमाळ्याची कड. मोरी कुठंच नाही. आणि जिथं सासूबाईंनी पन्नास वर्षं पहाटे चारला उठून पाणी भरलं, त्या जागेत त्या स्वतःही नाहीत. फोटो निघायचा तेव्हा त्या आत पुऱ्या तळत असायच्या.

मला तेव्हा फोटोग्राफीच्या इतिहासातली एक गोष्ट आठवली. जगातला टिकून राहिलेला सर्वात जुना कॅमेरा-फोटो असाच वरच्या मजल्याच्या खिडकीतून काढलेला आहे. फ्रान्समध्ये निसेफोर निएप्स नावाच्या माणसानं तो १८२७ च्या आसपास, आपल्या घराच्या खिडकीतून काढला. त्याला इतके तास लागले, की सूर्य इकडून तिकडे गेला. पुढे १८३८ मध्ये दागेर यांनी पॅरिसमधल्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो उंचावरून घेतला. रस्त्यावर गाड्या होत्या, माणसं होती. फोटोत मात्र ठळक दिसतो तो बूट पॉलिश करून घेणारा एक जण, आणि त्याच्यापाशी पॉलिशवाला. कारण तेवढेच एका जागी थांबले होते. बाकीचे चालते-फिरते, म्हणून उमटलेच नाहीत. काही वर्षांनी पॅरिसची नव्यानं आखणी झाली आणि त्या रस्त्याचाही बराच भाग पाडला गेला. जुन्या गल्ल्या जाण्याआधी त्यांचे फोटो काढायचं काम तिथं शार्ल मारव्हिल या फोटोग्राफरला सरकारी पातळीवर दिलं होतं. आज जुनं पॅरिस कसं होतं ते पाहायचं तर त्याचे फोटो हाताशी आहेत.

सतत हलणारी माणसं फोटोत उमटत नाहीत, हे आपल्या घरांतल्या बायकांना किती लागू पडतं! आणि उंचावरच्या खिडकीचंही तसंच आहे. तिथून काम केवढं आहे ते कळतं, पण माणूस कळत नाही. वन्संच्या फोटोंत हेल्मेट घातलेले कामगार म्हणजे पिवळे ठिपके. मी म्हटलं, “चला वन्सं, खाली जाऊन बघू.” संध्याकाळी आम्ही पत्र्याच्या कुंपणाबाहेर चहाच्या टपरीपाशी उभ्या राहिलो. पाळी सुटली होती. एका तरुण कामगाराला वन्संनी मोबाइलमधला फोटो दाखवला. तो बघतच राहिला. म्हणाला, रोज आत असतो, पण हे सगळं मिळून एवढं मोठं दिसतं हे ठाऊकच नव्हतं. मग संकोचत विचारलं, “हा मला पाठवाल? घरी दाखवतो, मी इथं काम करतो म्हणून.” वन्संनी तिथल्या तिथं पाठवला. पुढच्या फोटोत एका पिवळ्या ठिपक्याला चेहरा आला.

नव्या घराबद्दल वन्संना आनंद आहेच. घरातला संडास, वेगळं स्वयंपाकघर, लेकीसुनांना कपडे बदलायला दार लावता येईल अशी खोली, याचं मोल बाईलाच कळतं. चाळीचे गोडवे गाणाऱ्यांनी रात्री-अपरात्री पॅसेजच्या टोकाला जाऊन बघावं, असं त्या ठणकावून सांगतात. पण चाळीस मजल्यांत लिफ्टचा, पाण्याच्या पंपाचा खर्च आपल्या पगारात बसेल का, दुपारी कुणाचं दार उघडं असेल का, ही काळजीही त्यांच्या बोलण्यात येते. त्यांचे फोटो या आनंदाचे आहेत आणि काळजीचेही.

मैत्रिणींनो, हे फक्त मुंबईचं नाही. आपल्या गावांतही रस्ते रुंद होताहेत, वाडे पाडून अपार्टमेंट उठताहेत, एसटी स्टँड नवे होताहेत. बचत गटाच्या कामात मी पाहते, घर रस्त्यात जातं तेव्हा बाईला गोठा, विहीर, परसातली झाडं तोंडी सांगावी लागतात. भूसंपादनात जमिनीबरोबर बांधकाम आणि झाडं यांचंही मूल्य धरलं जातं. कागदपत्रं तर हवीतच, पण तारखेसह काढलेला फोटो हाताशी असला की आपलं म्हणणं मांडायला बळ येतं.

फोटोला भारी कॅमेरा लागत नाही. वन्संच्या चार गोष्टी सांगते. खिडकीच्या चौकटीवर चिकटपट्टीची खूण करा, म्हणजे दर वेळी फोन त्याच जागी धरता येतो. काच पुसून घ्या आणि फोन काचेला टेकवा, घरातला दिवा बंद ठेवा, म्हणजे प्रतिबिंब येत नाही. वाकून, स्टुलावर चढून फोटो काढू नका. कुणाच्या घरात, न्हाणीघरात कॅमेरा डोकावणार नाही याची काळजी घ्या, आपल्याला जे चालणार नाही ते दुसरीलाही चालत नाही. आणि वर्षातून एकदा निवडक फोटो कागदावर काढून मागे तारीख नि जागा लिहा. फोन बिघडतात, हरवतात.

आणखी एक माझ्याकडून. उंचावरून फोटो काढाच, पण घर उभं आहे तोवर आतलेही काढा. चूल, मोरी, देवघराचा कोनाडा, उंबरा, भिंतीवर मुलांची उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या रेघा. आणि त्या मोरीपाशी, त्या ओट्यापाशी घरातल्या बाईला दोन मिनिटं स्वस्थ उभं करा. तिनं “माझा कशाला?” म्हटलं तरी ऐकू नका.