एका कपाला एक डबी: कॅप्सूलवालं कॉफी मशीन चालतं कसं आणि त्याच्या डिझाइनमध्ये काय राहून गेलं?

मोठ्या ऑफिसच्या पँट्रीत, एखाद्या महागड्या हॉटेलच्या खोलीत, नाहीतर इन्स्टाग्रामच्या रीलमध्ये तुम्ही हे मशीन नक्की पाहिलं असेल. छोटीशी डबी आत टाकायची, वरचा दांडा खाली ओढायचा, बटण दाबायचं. मिनिटभरात गरम कॉफी कपात आणि रिकामी डबी कचऱ्यात. ना चाळणी धुवायची भानगड, ना चोथा काढायची.

तसं कार्ट्रिज आपल्याला नवीन नाही. घरातल्या वॉटर प्युरिफायरला असतं, प्रिंटरलाही असतं. पण तिथलं कार्ट्रिज काही महिने चालतं. कॉफीचं एका कपात संपतं. सगळी सोय याच गोष्टीत आहे आणि सगळा घोळही याच गोष्टीत.

हे मशीन बनवणाऱ्यांपुढे नेमके कोणते प्रश्न होते, ते त्यांनी कसे सोडवले आणि कोणता प्रश्न तसाच राहून गेला, ते बघूया.

सुरुवात झाली वहीच्या टिपकागदापासून

साल १९०८. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेन्ट्झ नावाची एक गृहिणी राहायची. त्या काळी कॉफी उकळली की कपाच्या तळाशी गाळ उरायचा आणि चवही कडू व्हायची. मेलिटाबाईंनी पितळेच्या भांड्याच्या तळाला भोकं पाडली आणि मुलाच्या शाळेच्या वहीतला टिपकागद त्यावर ठेवला. वर कॉफी पावडर, त्यावर गरम पाणी. खाली उतरली ती स्वच्छ, गाळ नसलेली कॉफी. त्याच वर्षी त्यांनी या फिल्टरची सरकारदरबारी नोंदणी केली आणि कंपनी काढली. मेलिटा नावाची ती कंपनी आजही सुरू आहे.

एकदा वापरून टाकायचा फिल्टर ही कल्पना इथून रुजली. फक्त तो फिल्टर साध्या कागदाचा होता. चोथ्यासकट मातीत टाकला तरी कुजून जायचा.

मग आली डबी

पुढचा मोठा टप्पा स्वित्झर्लंडमधला. नेस्ले कंपनीत एरिक फाव्र नावाचा इंजिनियर होता. चांगली एस्प्रेसो कशी बनते हे शोधत तो इटलीत फिरला. रोममधल्या एका प्रसिद्ध कॅफेत त्याला दिसलं, की तिथला माणूस मशीनचा दांडा एकदाच न ओढता पुन्हा पुन्हा ओढतोय. त्यामुळे पाण्यासोबत जास्त हवा कॉफीत जात होती आणि वर दाट फेस येत होता. हेच एका बंद डबीत करता येईल का, हा विचार फाव्रने पकडला. १९७६ मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला आणि १९८६ मध्ये नेस्प्रेसो बाजारात आली. सुरुवातीला तिला फारसा प्रतिसाद मिळाला नाही. नंतर घरगुती ग्राहकांना उंची वस्तू म्हणून विकायला सुरुवात झाली, तेव्हा तिचा जम बसला.

अमेरिकेतली गोष्ट वेगळी. तिथल्या ऑफिसांत कॉफीचं मोठं भांडं सकाळी भरायचं आणि तासन् तास गरम तव्यावर बसून राहायचं. दुपारपर्यंत त्याचा काढा व्हायचा. जॉन सिल्व्हन या तरुणाला याचा वैताग आला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने कॉलेजच्या काळातला रूममेट पीटर ड्रॅगोनला सोबत घेऊन कंपनी काढली. नाव ठेवलं क्युरिग. हा डच भाषेतला शब्द, अर्थ साधारण नीटनेटकं, उत्तम. सिल्व्हन हाताने डब्या बनवायचा आणि स्वतःवरच प्रयोग करायचा. दिवसाला ३०-४० कप कॉफी पिऊन शेवटी कॅफिनच्या त्रासामुळे त्याला हॉस्पिटल गाठावं लागलं होतं.

१९९८ मध्ये त्यांचं पहिलं मशीन ऑफिसांसाठी आलं, २००४ मध्ये घरगुती मशीन. पण सिल्व्हन तोवर कंपनीत नव्हता. १९९७ मध्येच तो आपला हिस्सा ५० हजार डॉलरला विकून बाहेर पडला होता.

डिझाइन करताना डोकं कुठे लागतं?

बाहेरून बघितलं तर मशीन म्हणजे पाणी गरम करणारी टाकी आणि एक पंप. खरी करामत डबीत आहे. तिथे एकामागून एक अडचणी येतात.

पहिली अडचण हवेची. कॉफी दळली की तिचा हवेशी संपर्क वाढतो आणि ऑक्सिजनमुळे वास-चव उतरू लागते. डबी तर महिनोन् महिने दुकानात पडून राहणार. म्हणून ती हवाबंद हवी आणि आतली हवा काढून तिथे नायट्रोजन भरायला हवा. त्यात आणखी एक गंमत. ताजी भाजलेली कॉफी स्वतः कार्बन डायऑक्साइड सोडत असते. लगेच बंद केली तर डबी फुगते. म्हणून आधी हा वायू निघून जाऊ द्यावा लागतो. म्हणजे डबी एकाच वेळी ऑक्सिजनला अडवणारी, उकळत्या पाण्याला टिकणारी आणि तरीही सुईने सहज फुटणारी हवी. एकाच वस्तूत हे तिन्ही गुण मिळणं कठीण. म्हणून प्लॅस्टिकचे थर, आत कागद, वर ॲल्युमिनियमचं झाकण असा संसार उभा राहतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कचऱ्याचा विषय इथूनच निघणार आहे.

दुसरी अडचण सुईची. क्युरिगच्या डबीला वरून एक सुई टोचते आणि गरम पाणी आत सोडते. खालून दुसरी सुई टोचते, तिथून कॉफी बाहेर पडते. पण खालची सुई आतल्या कागदी फिल्टरला लागली तर? चोथा थेट कपात. म्हणून फिल्टर डबीच्या तळापर्यंत नेलेलाच नाही. तळाशी मुद्दाम रिकामी जागा सोडली आहे, सुई तेवढ्यातच थांबते.

नेस्प्रेसोने वेगळी शक्कल काढली. एका बाजूने पाती डबीला टोचतात आणि पाणी शिरतं. दुसऱ्या बाजूचा पातळ ॲल्युमिनियमचा पापुद्रा मात्र आधी फोडला जात नाही. तो उंचवटे असलेल्या जाळीवर टेकलेला असतो. आत दाब वाढत जातो, पापुद्रा फुगतो आणि त्या उंचवट्यांवर स्वतःच फाटतो. म्हणजे पुरेसा दाब तयार झाल्याशिवाय कॉफी बाहेर पडतच नाही. इथे डबी स्वतःच झडपेचं काम करते.

तिसरी अडचण वेळेची. नेहमीच्या ड्रिप मशीनमध्ये पाणी आणि पावडर चार-सहा मिनिटं एकत्र असतात. इथे जेमतेम एक मिनिट मिळतं. एवढ्या कमी वेळात अर्क उतरायचा तर पावडर बारीक हवी. पण फार बारीक केली तर कागद तुंबतो. त्यामुळे कोणत्या कॉफीला किती जाडीचं दळण हे कंपनीच ठरवते. आपल्या हातात काही उरत नाही.

चौथी अडचण जागेची. क्युरिगसारख्या डबीत साधारण ९ ते १२ ग्रॅम पावडर मावते. चांगल्या फिल्टर कॉफीचं जागतिक प्रमाण मानलं जातं ते लिटरला साधारण ५५ ग्रॅम. आता हिशोब करा. १० ग्रॅम पावडरीत नीट कॉफी होते ती १८० मिलीची. मशीनवरचं मोठ्या कपाचं, ३०० मिलीचं बटण दाबलं तर लागायला हवी १६ ग्रॅमच्या वर, डबीत आहे १०. म्हणून तो मोठा कप पांचट लागतो. यात दोष मशीनचा नाही, डबीच्या आकाराचा आहे.

पाचवी गोष्ट सुरक्षेची. बंद जागेत गरम पाणी आणि दाब आला की धोका आलाच. २०१४ च्या डिसेंबरमध्ये क्युरिगला अमेरिकेतून मिनी प्लस जातीची साधारण ६६ लाख मशीन्स दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली. जास्त तापलेलं पाणी बाहेर उडत होतं आणि भाजल्याच्या सुमारे ९० तक्रारी आल्या होत्या.

पैसा मशीनमध्ये नाही, डबीत आहे

रेझर स्वस्तात द्यायचा आणि ब्लेडवर कमवायचं, हा धंद्याचा जुना नियम. प्रिंटर आणि शाईचं गणितही तेच. समजा एक डबी ५० रुपयांची आहे आणि तिच्यात १० ग्रॅम कॉफी आहे. म्हणजे कॉफी पडली ५,००० रुपये किलो. हाच आकडा पाकिटावर छापला तर किती जण घेतील? पण एका कपाचे ५० रुपये म्हटलं की कॅफेपेक्षा स्वस्त वाटतं.

२०१२ मध्ये क्युरिगच्या डबीची मुख्य पेटंट्स संपली आणि इतर कंपन्या तशाच डब्या विकू लागल्या. यावर २०१४ मध्ये क्युरिगने नवीन मशीन आणलं. ते डबीच्या झाकणावरची खास शाई ओळखायचं, ती नसेल तर कॉफी करायला नकार द्यायचं. लोक भडकले. कुणी अस्सल झाकण कापून दुसऱ्या डबीवर चिकटवलं आणि त्याचे व्हिडिओ टाकले. विक्री घसरली, आणि २०१५ मध्ये कंपनीच्या प्रमुखांनी आपलं चुकल्याचं मान्य केलं. मशीनचं कुलूप ग्राहकाच्या भल्यासाठी नसेल, तर ग्राहकाला ते लगेच कळतं.

राहून गेलेला प्रश्न

आता त्या थरांकडे परत येऊ. प्लॅस्टिक, कागद, ॲल्युमिनियम आणि आत ओला चोथा. यातली प्रत्येक गोष्ट वेगळी केली तर काहीतरी उपयोग होतो. पण दोन इंचाची डबी फोडून, धुऊन, चार ढीग करत कोण बसणार? कचरा वेगळा करणाऱ्या मोठ्या यंत्रांतही एवढ्या लहान वस्तू चाळणीतून खाली पडतात. घरात दिवसाला दोन कप धरले तर वर्षाला ७३० डब्या होतात, तेही एका घरात.

२०१६ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराने सरकारी पैशातून अशा डब्या विकत घेण्यावर बंदी घातली. क्युरिगने आपल्या डब्या पुनर्वापर करणं सोप्या अशा पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकमध्ये आणल्या. पण प्रकरण तिथे संपलं नाही. डब्यांचा परिणामकारक पुनर्वापर होऊ शकतो असं कंपनीने अहवालांत लिहिलं होतं. पुनर्वापर करणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांनी मात्र आपण या डब्या घेणार नाही असं कळवलं होतं आणि अहवालांत त्याचा उल्लेख नव्हता. २०२४ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने यावर कारवाई केली. आरोप मान्य किंवा अमान्य न करता कंपनीने १५ लाख डॉलरचा दंड भरला.

मुद्दा साधा आहे. एखादी वस्तू पुनर्वापर करता येण्याजोगी असणं वेगळं आणि तिचा खरोखर पुनर्वापर होणं वेगळं.

आणि सिल्व्हन? २०१५ मध्ये त्याने एका अमेरिकन मासिकाला सांगितलं, की हे आपण बनवलं याचं कधीकधी वाईट वाटतं. त्याच्या स्वतःच्या घरी हे मशीन नव्हतं.

मग डबी म्हणजे खलनायकच का?

इथे थोडं थांबायला हवं. कॉफीचं पर्यावरणावरचं मोठं ओझं डबीत नसतं, शेतात असतं. खत, पाणी, जमीन या सगळ्यात. कॅनडातल्या क्वेबेकमधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलं, की आपण भांडंभर कॉफी करून अर्धी ओतून देत असू किंवा पावडर अंदाजाने जास्त टाकत असू, तर हवामानाच्या हिशोबात मोजून भरलेली डबी कमी वाईट ठरू शकते. म्हणजे डबीचा एक गुण खरा आहे, ती वाया घालवू देत नाही. पण हा कार्बनचा हिशोब झाला. कचरापेटीतल्या ढिगाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

म्हणून आता डबीच काढून टाकायचे प्रयत्न सुरू आहेत. २०२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या मिग्रोस कंपनीने कॉफी दाबून तिचे गोळे केले आणि समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या पदार्थाचं पातळ आवरण दिलं. वापरून झाल्यावर अख्खा गोळा कुजतो. २०२४ मध्ये क्युरिगनेही प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम नसलेल्या, वनस्पतीजन्य आवरणाच्या कॉफी वड्यांची घोषणा केली.

आपल्याकडचा दाक्षिणात्य स्टीलचा फिल्टर आठवा. वरच्या भांड्याला बारीक भोकं, त्यात पावडर, वर दाबून बसवायची चकती, खाली उतरणारा दाट डिकॉक्शन. कागद नाही, डबी नाही, वीज नाही. त्याची किंमत मोजायची ती वेळेत. डिकॉक्शन उतरायला सहज पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि नंतर भांडं घासावं लागतं. डबीवाल्या मशीनने विकली ती हीच पंधरा मिनिटं.

तेव्हा असं मशीन घ्यायचं मनात असेल तर तीन गोष्टी आधी विचारा. एका डबीत किती ग्रॅम कॉफी आहे, म्हणजे किलोचा भाव काढता येईल. त्यात पुन्हा भरता येणारी डबी बसते का. आणि रिकाम्या डब्या तुमच्या शहरात खरोखर परत कोण घेतं. तिसऱ्या प्रश्नावर दुकानदार गप्प बसला, तर त्या वर्षाच्या ७३० डब्या ठेवायच्या कुठे याचं उत्तर तुम्हालाच शोधावं लागणार आहे.