आधी ऊर्जा, मग अक्षर

सुमारे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीच्या खडकांत सूक्ष्मजीवांच्या खुणा सापडतात. त्याहून मागे गेले की दगड जवळजवळ मुके होतात. पण तो इतिहास पुरता पुसलेला नाही, तो पेशीत राबणाऱ्या प्रथिनांच्या घडणीत उरला आहे. प्रथिनातील अमिनो आम्लांचा क्रम म्हणजे पुन्हा पुन्हा नकलून घेतलेली पोथीच. नकला करताना चुका शिरल्या, पण ज्या शब्दांवाचून अर्थच लागत नाही ते टिकले. हे टिकलेले शब्द सुचवतात, की जीवनाच्या पहिल्या यंत्रांनी आनुवंशिक माहिती जपण्याआधी ऊर्जा हाताळली असावी.

याचा उत्तम साक्षीदार म्हणजे फेरेडॉक्सिन. क्लॉस्ट्रिडियम जिवाणूत ते अवघ्या 55 अमिनो आम्लांचे असते आणि लोह-गंधकाचे पुंजके धरून इलेक्ट्रॉन इकडून तिकडे पोहोचवते. 1966 मध्ये मार्गारेट डेहॉफ आणि रिचर्ड एक्क यांनी दाखवले, की त्याचे दोन अर्धे भाग एकमेकांशी मिळतेजुळते आहेत. म्हणजे एक छोटा तुकडा दुणावून ते घडले. आणखी मागे जाता त्यांना मोजक्या साध्या अमिनो आम्लांची पुनरावृत्ती दिसली. त्यातली ग्लायसिन आणि अ‍ॅलनिन स्टॅन्ली मिलर यांच्या 1953 च्या प्रयोगात सजीवांवाचून तयार झाली होती. आदिम समुद्रात प्राणवायू नव्हता, विरघळलेले लोह मात्र मुबलक होते. माल हाताशी होता आणि अवजारही साधे होते. आपल्या मायटोकॉन्ड्रियातील श्वसनसाखळी आजही लोह-गंधकाच्या पुंजक्यांवर विसंबून असते.

यावर पहिला आक्षेप असा, की इतके छोटे प्रथिन काम तरी काय करणार? रटगर्स विद्यापीठातील विकास नंदा आणि सहकाऱ्यांनी 2023 मध्ये केवळ 13 अमिनो आम्लांची, निकेलचे दोन अणू धरणारी साखळी रचली आणि तिने हायड्रोजन वायू निर्माण केला. ती प्राचीन नाही, आजच्या बुद्धीने आखलेली आहे. त्यामुळे तसे घडलेच हे सिद्ध होत नाही, पण घडणे शक्य होते हे ठरते. दुसरा आक्षेप अधिक भारी आहे: जनुक नसताना प्रथिनाची नक्कल कोण करणार? नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठात सायब्रेन ऑटो यांच्या गटाने 2010 मध्ये पेप्टाइड जोडलेल्या रेणूंची कडी एकावर एक रचून तंतू बनताना पाहिली. द्रव हलवताच तंतू तुटतात, नवी टोके उघडी पडतात आणि त्याच जातीची कडी वाढत जातात. हे रेणू प्रयोगशाळेत घडवलेले असले, तरी जनुकावाचूनही स्वतःची संख्या वाढवता येते हे त्यांनी दाखवून दिले.

म्हणून जीवनाची सुरुवात आरएनए रेणूंपासून झाली असे मानणारा पक्ष खोटा ठरत नाही. पुण्याच्या आयसरमध्ये सुधा राजामणी यांची प्रयोगशाळा न्यूक्लिओटाइड आणि मेदरेणू ओल्या-सुक्या चक्रांत कसे वागतात ते तपासते. असे आळीपाळीने भरणारे-सुकणारे डबके आरएनएसारख्या साखळ्यांना जन्म देऊ शकते. पण साखळी जोडायला आणि टिकवायला ऊर्जेचा पुरवठा लागतोच. आज प्रथिने बनवणारा रायबोसोम मुख्यतः आरएनएचा असला, तरी त्याला चालवणारे बळ चयापचयातून येते. म्हणून प्रथिन आणि आरएनए यांना प्रतिस्पर्धी ठरवण्यापेक्षा, धातूला चिकटलेल्या छोट्या साखळ्यांनी आधी चूल पेटवली आणि तिच्या उबेत पुढे पोथी लिहिली गेली, असे मानणे मला पुराव्याशी अधिक प्रामाणिक वाटते.