टाळ्या थांबल्यानंतरचा धडा

लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावी नाटक करणाऱ्या मुलाचा पहिला परीक्षक म्हणजे गावच. स्नेहसंमेलनातली एकांकिका संपते, पडदा पडतो आणि विंगेत कोणीतरी पाठीवर थाप मारून म्हणते, 'लई भारी झालं बघ!' थाप खरी असते, कौतुकही खरे असते. परंतु नेमके काय भारी झाले, हे थाप मारणाऱ्याला सांगता येत नाही आणि ज्याच्या पाठीवर ती पडते त्यालाही नाही. पुढल्या वर्षी तोच प्रयोग फसला तर तो का फसला, हेही मग कळत नाही. नाट्यशिक्षणाचे खरे काम या अडाणीपणापासून सुरू होते.

मराठवाड्यात या शिक्षणाला विद्यापीठात जागा मिळाली ती सत्तरच्या दशकात. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग उभा राहिला आणि राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिकून आलेल्या कमलाकर सोनटक्के यांनी त्याला आकार दिला. दिल्लीच्या त्या विद्यालयाची शिस्त इब्राहिम अल्काझी यांनी १९६२ ते १९७७ या काळात घालून दिलेली. नाटक हे केवळ उपजत गुणांवर होत नाही, ते शिकावे लागते आणि शिकलेले तपासावे लागते, हा विचार त्या वाटेने मराठवाड्यातील मुलांपर्यंत आला. एरवी त्यांच्यापुढे भारूड होते, गोंधळ होता, कीर्तन आणि तमाशा होता. ही परंपरा श्रीमंत खरीच. पण तीत शिष्य गुरूचे पाहून शिकतो, केलेल्याची फोड करून मांडण्याची पद्धत तीत फारशी नाही.

ही फोड म्हणजे काय, याचे सर्वांत बोलके उदाहरण रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीने दिले आहे. अभिनयावरचा त्याचा ग्रंथ इंग्रजीत १९३६ मध्ये आणि रशियनमध्ये त्याच्या मृत्यूच्या वर्षी, १९३८ मध्ये, प्रसिद्ध झाला. मराठीत तो के. नारायण काळे यांनी आणला. हा ग्रंथ शास्त्र म्हणून लिहिलेलाच नाही. ती कोस्त्या नावाच्या एका विद्यार्थ्याची रोजनिशी आहे. कोस्त्या घरी ऑथेल्लोची तालीम करतो. चॉकलेट आणि लोणी एकत्र करून तोंडाला फासतो, आरशापुढे गुरगुरतो आणि स्वतःवर बेहद्द खूश होतो. दुसऱ्या दिवशी तेच हावभाव पुन्हा करू जातो, तर त्यांतला जीव निघून गेलेला असतो. परीक्षेच्या प्रयोगात मात्र एका क्षणी, भीती आणि संताप अनावर होऊन, एक आरोळी त्याच्या तोंडून खरी बाहेर पडते. गुरू तोर्त्सोव नंतर नेमका तोच क्षण वेगळा काढून दाखवतो आणि उरलेल्या अभिनयाला सरळ नापास करतो. विद्यार्थ्याला जो प्रयोग सर्वांत रंगला असे वाटत होते तो खोटा, आणि जो क्षण त्याच्या हातून निसटला तो खरा! एवढे लक्षात आले की शिकणे सुरू झाले.

म्हणूनच जाणते नाट्यशिक्षक विद्यार्थ्याला तालमीची वही ठेवायला सांगतात. ही वही साहित्य नव्हे. 'आज मन लागले नाही' किंवा 'भूमिकेशी एकरूप झालो' अशा वाक्यांना तीत किंमत नाही. आज कोणत्या वाक्यावर श्वास तुटला, समोरचा नट बोलत असताना हात कुठे होते, दिग्दर्शकाने दिलेली सूचना का पाळता आली नाही, प्रेक्षक अपेक्षेपेक्षा आधी का हसला, हे तीत यावे. आधी घडले काय ते लिहायचे, मग ते का घडले आणि शेवटी उद्या काय बदलून पाहायचे. चांगले-वाईट हा निवाडा जितका उशिरा येईल तितकी नोंद उपयोगी पडते.

येथे ग्रामीण विद्यार्थ्याची एक खास अडचण उभी राहते: भाषा. कर्नाटकाच्या सीमेलगतच्या या पट्ट्यात घरी 'काय करूलालास?' असे विचारले जाते. तो मुलगा शहरातल्या तालमीच्या खोलीत आला की पहिली टीका त्याच्या उच्चारांवर होते. मग त्याचे सारे लक्ष 'ण' आणि 'ळ' सांभाळण्यात जाते आणि पात्र हातचे निसटते. वहीतही तो पुस्तकी मराठीच लिहू पाहतो, त्यामुळे अनुभव बाजूला राहून शब्दांचा फुलोरा तेवढा उरतो. जर्मन नाटककार ब्रेख्त तालमीसाठी नटांना सांगत असे, की संवाद आपल्या घरच्या बोलीत म्हणून पाहा, तृतीय पुरुषात म्हणून पाहा, कंसातल्या रंगसूचनाही मोठ्याने वाचा. वाक्य 'मी जातो' असे असेल, तर 'तो उठला आणि म्हणाला, मी जातो' असे म्हणायचे. यातून नट आणि पात्र यांच्यामध्ये फट पडते आणि त्या फटीतूनच विचार आत शिरतो. शिरूर अनंतपाळच्या मुलाच्या दृष्टीने ही युक्ती फार मोलाची आहे. ज्या बोलीची त्याला लाज वाटायला लावली जाते, तीच येथे पात्र समजून घेण्याचे साधन होते.

नांदेडचे नाटककार दत्ता भगत यांच्या 'वाटा-पळवाटा'चे उदाहरण घ्यावे. दलित चळवळीच्या तीन पिढ्या या नाटकात समोरासमोर येतात: काका, प्राध्यापक सतीश आणि तरुण, आक्रमक अर्जुन. विशीतला विद्यार्थी अर्जुन करतो तेव्हा त्याला वाटते, राग तर आपल्याकडे आहेच. मग अभिनय करायचा कशाचा? प्रयोगानंतर शिक्षकाने विचारायचा प्रश्न येथेच आहे: तो राग अर्जुनाचा होता की तुझा? दोन्ही राग खरे असू शकतात. पण दुसरा पहिल्याला झाकून टाकत असेल तर सतीशची बाजू प्रेक्षकाला ऐकूच जात नाही आणि नाटकातला वाद एकतर्फी होतो. याचे उत्तर विद्यार्थ्यालाच शोधू द्यावे. शिक्षकाने ते देऊन टाकले तर पुढच्या भूमिकेत तो पुन्हा तेथेच अडेल.

ही सारी पश्चिमेची उसनवारी आहे, असे कोणी म्हणेल तर त्याने भरताचे नाट्यशास्त्र उघडावे. त्याच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाची सिद्धी कशी ओळखावी याची चर्चा आहे. प्रेक्षकांच्या स्मितापासून रोमांचापर्यंतची लक्षणे तेथे सांगितली आहेत आणि प्रयोगात येणारे 'घात'ही. वाद उद्भवल्यास निवाडा करणारे प्राश्निकही कोणी एकच पंडित नाहीत. यज्ञाचे जाणकार, नर्तक, वैयाकरण, धनुर्विद्येचे जाणकार, चित्रकार, गणिका, राजसेवक असे निरनिराळे लोक आपापल्या विषयापुरते बोलतात. शस्त्र कसे धरले हे शस्त्र धरणाऱ्याने सांगावे! आजच्या वर्गातही शेतकऱ्याची भूमिका पाहायला एखाद्या शेतकऱ्याला बोलवावे आणि नांगर धरलेला हात खरा वाटला का, हे त्याला विचारावे. तासभराच्या व्याख्यानापेक्षा ते अधिक शिकवून जाईल.

या चिंतनालाही एक मर्यादा आहे. रंगमंचावर उभे असताना नट स्वतःचीच परीक्षा घेऊ लागला तर समोरच्याचे वाक्य त्याच्या कानांवरून निघून जाते. तपासणीची वेळ प्रयोगानंतरची. तीही लगेच, रंग पुसता पुसता नव्हे. एक रात्र मध्ये जाऊ द्यावी.

खरी गोची गुणपत्रिकेत आहे. वहीला गुण ठेवले की विद्यार्थी शिक्षकाला आवडेल तेवढेच लिहितो आणि सोयीच्या चुका कबूल करतो. गुण ठेवले नाहीत तर वही कोणी लिहीतच नाही. काही शिक्षक यातून तोंडी चर्चेचा मार्ग काढतात. नट आधी स्वतः बोलतो, मग सहकलाकार आणि सर्वांत शेवटी शिक्षक. हा क्रम उलटला, की शिक्षकाचे मत ऐकून सगळा वर्ग माना डोलावतो आणि बोलण्यासारखे काही उरत नाही.